फिटच्या गोळीखाली ड जीवनसत्त्वाची ओळ लिहा

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

दरवर्षी १७ नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन आला की वर्तमानपत्रांतून ठरावीक सूचना छापून येतात. फिट आलेल्याच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरू नका, तोंडात चमचा घालू नका, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. त्या छापायलाच हव्यात. पण फिट थांबल्यावर किमान दोन वर्षं, आणि अनेकदा त्याहून कितीतरी जास्त काळ, रोज गोळी घेणाऱ्या मुलाच्या हाडांचं काय होतं, यावर एक ओळही येत नाही. दवाखान्याच्या कागदावरही ती क्वचितच दिसते. मेडिकलच्या काउंटरवरून मात्र 'ताकदीचं' टॉनिक न मागता पिशवीत पडतं. हवं ते जीवनसत्त्व मिळत नाही आणि नको ती चार मिळतात, अशी आजची गत आहे.

आधी कारण पाहू. फेनोबार्बिटोन (गार्डिनाल), फेनिटॉइन (एप्टॉइन), कार्बामाझेपिन (टेग्रिटॉल) आणि प्रिमिडोन ही फिटची जुनी, भरवशाची औषधं. फेनोबार्बिटोन १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून वापरात आहे. ही चारही औषधं यकृतातल्या एन्झाइमांना (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांना) जास्तीच्या कामाला लावतात. हे एन्झाइम शरीरातलं ड जीवनसत्त्व नेहमीपेक्षा झपाट्याने मोडून निकामी करतात. ड कमी झालं की आतडं अन्नातलं कॅल्शियम नीट उचलत नाही. रक्तातलं कॅल्शियम घसरू नये म्हणून पॅराथायरॉइड ग्रंथी ते हाडांतून काढून घेते. वाढत्या मुलात त्याचा मुडदूस होतो. युरोपातल्या डॉक्टरांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस ही गोष्ट नोंदवली, म्हणजे शोध काही नवा नाही.

व्हॅल्प्रोएट या फिटच्या औषधाची तऱ्हा वेगळी. ते या एन्झाइमांना चेतवत नाही, तरी दीर्घकाळ घेणाऱ्या मुलांत हाडांची घनता कमी झाल्याचं आढळलं आहे. लेव्हेटिरासिटॅम या नव्या औषधाचा हाडांवर त्यामानाने फारच कमी परिणाम दिसतो. ज्या मुलाला दोन-तीन औषधं एकत्र चालू आहेत, जे सेरेब्रल पाल्सीमुळे चालत नाही, ज्याला नळीतून अन्न द्यावं लागतं, जे घराबाहेर पडतच नाही, त्याला सगळ्यात जास्त धोका. अशा मुलाला अंघोळीसाठी उचलताना मांडीचं हाड मोडल्याची उदाहरणं वैद्यकात अपरिचित नाहीत. त्यात घरच्यांचा हलगर्जीपणा नसतो. हाड आधीच ठिसूळ झालेलं असतं.

आता यातली खरी फसगत. रक्तातलं कॅल्शियम खूप घसरलं तर त्यानेच फिट येते. समजा, फेनिटॉइनवर असलेल्या मुलाच्या फिट वर्षभर थांबल्या होत्या आणि पुन्हा सुरू झाल्या. साहजिकच गोळीची मात्रा वाढवली जाते. मात्रा वाढली की ड आणखी मोडतं, कॅल्शियम आणखी घसरतं, फिट आणखी वाढतात. औषध लागू पडेना म्हणून दुसरं जोडलं जातं. या चक्रातून बाहेर काढणारी तपासणी साधी आणि स्वस्त आहे : रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि अल्कलाइन फॉस्फेटेज (मुडदुसात वाढणारं एन्झाइम). बऱ्या झालेल्या मुलाला पुन्हा फिट येऊ लागल्या तर मात्रा वाढवण्याआधी हे तीन आकडे पाहावेत. (एक सावधगिरी. वाढत्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फेटेज मोठ्या माणसापेक्षा मुळातच जास्त असतं. बऱ्याच लॅब रिपोर्टवर प्रौढांची मर्यादा छापतात आणि निरोगी मुलाच्या आकड्यापुढेही ठळक 'जास्त' येतं. वयानुसारची मर्यादा विचारून घ्यावी.)

घरी काय दिसतं? मूल जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकून उठतं. जिना टाळतं. बदकासारखं डुलत चालतं. संध्याकाळी पाय दुखतात म्हणून रडतं आणि घरचे 'वाढीचं दुखणं' म्हणून सोडून देतात. मनगटं जाड दिसतात, गुडघे आत किंवा बाहेर वाकतात. बोटांना मुंग्या येणं, हाताची बोटं आखडून पक्ष्याच्या चोचीसारखी जुळणं, ही कॅल्शियम घसरल्याची खूण आहे आणि तिच्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

किती द्यायचं, हा पुढचा प्रश्न. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशीनुसार निरोगी तान्ह्या बाळाला रोज ४०० युनिट आणि एक वर्षापुढच्या मुलाला ६०० युनिट ड जीवनसत्त्व लागतं. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ साली म्हटलं की फिटची औषधं घेणाऱ्यांना वयाच्या गरजेच्या दोन ते तीन पट ड लागतं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाला १,२०० ते १,८०० युनिट. व्यवहारात बरेच डॉक्टर रोज १,००० युनिटपासून सुरुवात करतात, कारण तेवढ्याला आधी तपासणी लागत नाही आणि धोका नगण्य असतो. मुडदूस झालेलाच असेल तर ही मात्रा पुरत नाही. मग एक वर्षापुढच्या मुलाला रोज ३,००० युनिट निदान बारा आठवडे, सोबत कॅल्शियम, अशी उपचाराची मात्रा लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (शरीरातल्या ड जीवनसत्त्वाच्या साठ्याचा आकडा) दर मिलीला २० नॅनोग्रॅमच्या वर असावं, १२च्या खाली गेलं तर ती कमतरता. ही तपासणी महाग आहे, हे मान्य. पण ती परवडत नाही म्हणून रोजची साधी मात्राही लिहायची नाही, याला अर्थ नाही.

चूक होते ती बाटलीपाशी. बाजारात ड जीवनसत्त्वाचे थेंब एका मिलीत ४०० युनिट आणि एका मिलीत ८०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे मिळतात. कागदावर नुसतं 'डी-थ्री ड्रॉप्स १ मिली' लिहिलं, तर मेडिकलमध्ये जी बाटली असेल ती मिळते आणि मात्रा दुप्पट किंवा निम्मी होऊन बसते. काही लेबलांवर युनिट असतात, काहींवर मायक्रोग्रॅम. १ मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, म्हणून १० मायक्रोग्रॅम आणि ४०० युनिट एकच. एका बाटलीचा ड्रॉपर धुऊन दुसऱ्या बाटलीला लावण्याची आपल्याकडची काटकसर इथे महागात पडते, कारण ड्रॉपरवरच्या खुणा त्याच औषधापुरत्या असतात. स्वयंपाकघरातला चमचा तर मापच नव्हे. मेडिकलमध्ये सुई नसलेली २ किंवा ५ मिलीची सिरिंज काही रुपयांत मिळते, ती घ्यावी. फिटचं सिरप आणि कॅल्शियमचं सिरप शेजारी ठेवू नये. व्हॅल्प्रोएटच्या सिरपमध्ये ५ मिलीत २०० मिलिग्रॅम औषध असतं. झोपेतून उठून चुकीच्या बाटलीतून ओतलेला चमचा दोन्हीकडून नडतो : फिटचं औषध एकदा चुकतं किंवा दोनदा जातं.

सगळ्यात मोठी चूक पुडीची. ६०,००० युनिटची पुडी किंवा छोटी बाटली ही आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडेच घेण्यासाठी असते. 'रोज एक' असा समज झाला आणि आठवडाभर दिली, तर ४,२०,००० युनिट पोटात गेले. सहाशे युनिटच्या हिशेबाने ही जवळपास दोन वर्षांची गरज. ड जीवनसत्त्व चरबीत साठतं, लघवीवाटे निघून जात नाही, त्यामुळे देणं थांबवल्यावरही त्रास आठवडेच्या आठवडे चालू राहतो. उलट्या, भूक मरणं, बद्धकोष्ठ, सारखी तहान, सारखी लघवी, सुस्ती. घरच्यांना वाटतं की फिटचं औषध सोसत नाही, आणि ते फिटची गोळी बंद करतात. त्यातून नवंच संकट उभं राहतं, कारण फिटची गोळी अचानक बंद केली तर न थांबणारी फिट येऊ शकते. अशी लक्षणं दिसली तर ड आणि कॅल्शियम थांबवावं, फिटची गोळी चालू ठेवावी आणि रक्तातलं कॅल्शियम तपासून घ्यावं. आम्हाला विचाराल तर अपस्माराच्या मुलाला पुडीपेक्षा रोजची छोटी मात्रा बरी. फिटची गोळी रोज द्यायचीच आहे, तिच्याबरोबर हेही लक्षात राहतं.

टोपिरामेट किंवा झोनिसामाइड ही फिटची औषधं चालू असतील तर आणखी एक खबरदारी. या औषधांनी मुतखडा होण्याची शक्यता वाढते. त्यावर ड आणि कॅल्शियमचा मारा केला तर लघवीत कॅल्शियम वाढून भरच पडते. अशा मुलाला दिवसभर भरपूर पाणी द्यावं आणि कॅल्शियमची गोळी सांगितल्याशिवाय सुरू करू नये.

'आपल्याकडे एवढं ऊन, मग गोळी कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. आपण बाळाला सकाळचं कोवळं ऊन देतो. त्याने ऊब मिळते, ड फारसं मिळत नाही. त्वचेत ड तयार करणारे किरण साधारण अकरा ते तीनच्या उन्हात भरपूर असतात आणि खिडकीच्या काचेतून ते आत येत नाहीत. बंद बाल्कनीत काचेमागे बसवलेल्या मुलाला घाम येईल, ड मिळणार नाही. दुपारी हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं बाहेर खेळलं तर उपयोग होतो. पण इथेही टोपिरामेट आणि झोनिसामाइड आडवे येतात. या औषधांनी काही मुलांना घाम कमी येतो आणि अंग तापतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या दुपारी अशा मुलाला उन्हात धाडणं धोक्याचं. शिवाय एन्झाइम ड मोडत असताना उन्हाच्या भरवशावर राहून भागत नाही.

कॅल्शियमची बाब वेगळी आहे. त्याची गोळी सरसकट प्रत्येकाला लागत नाही. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज सुमारे ६५० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, तेरा-चौदाव्या वर्षी सुमारे १,०००. दोनशे मिली दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे एका बेताच्या भाकरीत दीडशे-पावणेदोनशे. त्यावर वाटीभर दही. आठ वर्षांच्या मुलाचा हिशेब इथेच जवळपास जमला. तिळाच्या चटणीत कॅल्शियम खूप असतं, पण तिळातल्या ऑक्झलेटमुळे सगळं अंगी लागत नाही, म्हणून दुधाच्या जागी चटणी मोजू नये. जे मूल दूध-दही शिवतही नाही किंवा ज्याला नळीतून पातळ पेज जाते, त्याला गोळी किंवा सिरप लागतं. तिथेही लेबल नीट वाचावं. १,२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. अनेक गोळ्यांत २५० युनिट डही असतं, ते एकूण मात्रेत धरायचं.

वेळ पाळणंही महत्त्वाचं. कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांमुळे फेनिटॉइन आतड्यात कमी शोषलं जाऊ शकतं. म्हणून फेनिटॉइन आणि कॅल्शियम यांत किमान दोन तास अंतर ठेवावं. सोपी रीत अशी : फिटची गोळी सकाळी आठ आणि रात्री आठ, कॅल्शियम आणि ड दुपारच्या जेवणाबरोबर. ड स्निग्धाबरोबर चांगलं शोषलं जातं, त्यामुळे तूप-पोळी किंवा दूध-भाताच्या वेळी दिलेलं उत्तम. लोहाची गोळी कॅल्शियमबरोबर देऊ नये, दोन्ही एकमेकांच्या आड येतात. फेनिटॉइनचं सस्पेन्शन दर वेळी जोरात हलवूनच ओतावं. औषध तळाशी बसतं, मग सुरुवातीचे डोस फिके आणि शेवटचे तीव्र होतात.

फोलिक आम्लाची गंमत उलटी आहे. फेनिटॉइनमुळे शरीरातलं फोलेट (म्हणजे हेच जीवनसत्त्व) कमी होतं, पण ते भरून काढायला मोठी मात्रा दिली तर रक्तातलं फेनिटॉइनच घसरतं आणि थांबलेली फिट परत येते. दुसऱ्या बाजूने, दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत फेनिटॉइन सुरू झालेल्या मुलांना रोज अर्धा मिलिग्रॅम फोलिक आम्ल दिलं. सहा महिन्यांनी हिरड्या वाढलेली मुलं त्या गटात २१ टक्के होती, नुसतं औषध घेणाऱ्यांत ८८ टक्के. हिरड्या दातांवर चढून मूल हसायला लाजतं, घास चावताना रक्त येतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या आकड्यांचं मोल कळेल. अडचण एवढीच की मेडिकलमध्ये सर्रास मिळते ती ५ मिलिग्रॅमची गोळी. तिचे दहा तुकडे कुणाला जमणार? अर्ध्या मिलिग्रॅमसाठी योग्य तीव्रतेचं सिरप कागदावर नावानिशी लिहून द्यावं लागतं. शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत मात्र फोलिक आम्ल फार थोडं असतं : गुलाबी गोळीत ४०० मायक्रोग्रॅम, निळीत ५००. फिटचं औषध चालू आहे म्हणून ती गोळी नाकारायचं कारण नाही.

फोलिक आम्ल सुरू करण्याआधी बी-१२ मात्र पाहावं, विशेषतः शाकाहारी घरात. बी-१२ कमी असताना नुसतं फोलिक आम्ल दिलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, मज्जातंतूंचं नुकसान आतून चालूच राहतं. व्हॅल्प्रोएटवर असलेल्या मुलाचा बी-१२चा आकडा रक्तात वाढलेला दिसू शकतो, त्यामुळे त्या रिपोर्टवर आंधळा विश्वास ठेवू नये. व्हॅल्प्रोएट घेणारी मुलगी वयात आली की फोलिक आम्लाचा विचार तेव्हाच करावा. गर्भाच्या पाठीच्या कण्याची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, बहुधा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधीच. व्हॅल्प्रोएटने ती उघडी राहण्याचा धोका वाढतो आणि फोलिक आम्लाने तो पुसला जात नाही, म्हणून औषध बदलायचं असेल तर ती चर्चा लग्न ठरेपर्यंत लांबवू नये.

बी-६ बद्दल गैरसमज फार. पायरिडॉक्सिनवर अवलंबून असलेला एक दुर्मिळ अपस्मार आहे, त्यात तान्ह्या बाळाच्या फिट फक्त बी-६ने थांबतात. तिथे ते औषधच आहे आणि जन्मभर घ्यावं लागतं. बाकीच्या मुलांना मोठी मात्रा देऊन फायदा नाही. उलट फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटोनची रक्तातली पातळी घसरू शकते, आणि दीर्घकाळ जास्त दिलं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. लेव्हेटिरासिटॅमने चिडचिड वाढली म्हणून बी-६ देऊन पाहतात, पण त्यामागचा पुरावा कच्चा आहे. घरात क्षयरुग्ण असेल आणि मुलाला आयसोनियाझिड सुरू झालं, तर बी-६ची १० मिलिग्रॅमची छोटी गोळी योग्यच. मात्र आयसोनियाझिडमुळे फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन रक्तात साठतं. मूल झोकांड्या खाऊ लागलं तर तो अशक्तपणा समजून टॉनिक आणू नये, मात्रा तपासून घ्यावी.

व्हॅल्प्रोएटने केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. बायोटिनमुळे थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात. निदान दोन दिवस आधी गोळी थांबवावी आणि लॅबला तसं सांगावं. (बायोटिनिडेज या एन्झाइमच्या जन्मजात कमतरतेमुळे फिट येणाऱ्या मुलाला हा नियम लागू नाही, त्याची गोळी थांबवायची नाही.) किटो आहारावर (फिट आटोक्यात ठेवण्यासाठी दिलेल्या, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी साखर-पिष्टाच्या आहारावर) असलेल्या मुलाला जीवनसत्त्वं लागतातच, पण ती साखर नसलेली. गोड सिरपच्या दोन चमच्यांनी आठवड्यांची मेहनत वाया जाते.

शेवटी आरोग्य खात्याकडे मागणी, आणि पत्राचा रोख तिकडेच आहे. पैसेवाल्या घरातल्या मुलाला आज बहुधा लेव्हेटिरासिटॅम मिळतं. सरकारी खिडकीवरून मिळतं ते बहुधा फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन. म्हणजे हाडांना सर्वांत जास्त जाच करणारी औषधं ज्याच्या ताटात दूध सर्वांत कमी त्याच्याच वाट्याला येतात. ही औषधं वाईट नाहीत, त्यांनी असंख्य मुलांच्या फिट थांबवल्या आहेत. त्यांच्या जोडीची स्वस्त गोळी दिली जात नाही, एवढीच तक्रार आहे. ड जीवनसत्त्व राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेत होणाऱ्या तपासणीत झटक्यांचा आजारही आहे आणि मुडदूसही. दोन्ही रकाने एकाच पथकाच्या हाती आहेत, पण पहिल्यावर खूण झाली तर दुसरा मुद्दाम तपासा, अशी सूचना नाही. ती द्यावी. सुरुवातीला सांगितलेल्या चार जुन्या औषधांपैकी एखादं ज्या कागदावर असेल त्यावर ड जीवनसत्त्वाची ओळ युनिटसह लिहावी आणि ते त्याच खिडकीवर, त्याच दिवशी, तेवढ्याच दिवसांचं मिळावं. पालकांनी पुढच्या भेटीला नुसता कागद न नेता घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, टॉनिकं एका पिशवीत घालून न्याव्यात. एकाच जीवनसत्त्वाच्या तीन बाटल्या त्या पिशवीतून निघाल्या तर नवल वाटायला नको.

आपले,
बालरोग, औषधनिर्माण आणि बालआहार या क्षेत्रांत काम करणारे काही वाचक